शेजारच्या सीटचा ब्रेक

पाटीकाकूंना गाडी चालवणं सोडून गाडीबद्दलचं सगळं येत होतं.

पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे, पुढे रस्ता अरुंद होतोय, इथं हॉर्न वाजवू नका, इथं थांबायचा विचारसुद्धा करू नका. रस्त्यावरच्या कुठल्याही पाटीचा अर्थ काकूंनी झोपेत सांगितला असता. नवऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत, एक ट्यूबलाइट, दोन बाकं आणि भिंतीवरचा पाट्यांचा तक्ता एवढ्या भांडवलावर त्यांनी अख्ख्या गावाला रस्ता शिकवला. हातात छडी घेऊन त्या विचारायच्या, "हा लाल त्रिकोण काय म्हणतोय? बोला! त्रिकोणाला तोंड नाही, तुम्हाला आहे ना?" त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज ट्रक चालवतात, रुग्णवाहिका चालवतात, एक जण तर विमानतळावर बॅगांची गाडी चालवतो आणि त्याची आई त्याला पायलट म्हणते. काकू मात्र कुठंही जायचं तर पायी जायच्या.

त्यामागे इतिहास होता. लग्न नवंनवं असताना मास्तरांनी मोठ्या हौसेनं बायकोला स्टिअरिंगवर बसवलं आणि पहिल्याच वळणावर गाडी दंतवैद्याच्या कुंपणात गेली. आता, स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. म्हणजे त्या दिवशी ब्रेक दोघांकडे होता. अंदाज मात्र एकटीचाच चुकला. "तुला अंदाज नाही," मास्तरांनी निकाल दिला आणि तिच्या हातात स्टिअरिंगऐवजी छडी दिली. काही निकालांवर अपील नसतं, कारण न्यायाधीश रात्री आपल्याच घरी जेवायला असतो.

आणि मास्तर? मास्तरांनी आयुष्यभर गाडी चालवली, असं लोक म्हणत. खरं तर त्यांनी ती आयुष्यभर थांबवली. बसायचे शेजारच्या सीटवर, आणि त्यांचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर असा असायचा जसा काही माणसांचा हात सतत स्वतःच्या मिशीवर असतो. गावातल्या त्याच त्या चार गल्ल्या, तोच चौक, तोच चढ. या एवढ्याशा राज्यात त्यांच्या पायाशिवाय पान हलत नव्हतं, कारण हलायला लागलं की ते थांबवायचे.

यथावकाश मास्तर थकले. गाडी तर त्यांच्याआधीच थकली होती. स्कूल बंद झालं. आता गाडी घरगुती वापराची करायची तर दुसरा ब्रेक काढून टाकावा लागणार होता, तसा नियमच होता. मास्तरांनी साफ नकार दिला.

"काढलं ते पेडल तर गाडी बोळकी दिसेल."

"अहो, पण कागद होणार नाहीत."

"नको होऊ देत. कागदानं गाडी थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी गॅरेजचा पोरगा गाडी न्यायला आला आणि काकू एकट्याच तिच्यामागोमाग पायी गॅरेजवर गेल्या. गॅरेजवाला त्यांचाच विद्यार्थी. त्यानं डोकं खाजवलं.

"काकू, असं करू. पेडल राहू दे जागेवर, नुसता जोड काढून टाकतो. खाली एक स्प्रिंग बसवतो. मास्तर दाबतील, पेडल खाली जाईल, वर येईल. गाडीला काही कळणार नाही."

"आणि मास्तरांना?"

"त्यांना लगेच कळेल हो. एवढे अनुभवी."

काकूंनाही तसंच वाटलं. त्या मनाशी म्हणाल्या, पहिल्याच दिवशी कळेल, दोन दिवस फुगून बसतील, तिसऱ्या दिवशी विसरतील. इथं मात्र काकूंचा अंदाज खरोखरच चुकला.

कारण त्याच आठवड्यात चिमणीचा निकाल लागला. चिमणी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. बापापेक्षा वीतभर उंच, दारातून जाताना वाकणारी; पण एकदा ठेवलेलं नाव काही उंचीबरोबर बदलत नाही. तिला दगड शिकायचे होते. डोंगर कसे झाले, माती कुठून आली, हे सगळं. तीन गावांतली तीन कॉलेजं तिला घ्यायला तयार होती. पहिलं इतकं जवळ की संध्याकाळी घरी जेवायला येता आलं असतं. तिथं दगड नव्हते, हिशेबशास्त्र होतं. दुसरं मध्येच कुठंतरी. तिसरं पार डोंगरापलीकडे, आणि दगडांसाठी नावाजलेलं.

"पहिलंच बरं," मास्तर म्हणाले.

"बाबा, तिथं दगड नाहीयेत."

"दगड काय, आपल्या अंगणात आहेत."

बरीच आदळआपट झाली. शेवटी मास्तरांनी उदारपणे तोडगा काढला. तिन्ही गावं गाडीनं बघून यायचं. वाटेत तंबू टाकून राहायचं. गाडी चिमणी चालवेल. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. मास्तर शेजारी बसतील. "आणि मला एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही, तर जा तुझ्या त्या दगडांत. दाबावा लागला, तर पहिलं कॉलेज. ज्याला गाडी सांभाळता येत नाही, त्यानं एकट्यानं राहायच्या गोष्टी करू नयेत."

"मंजूर," चिमणी म्हणाली.

ओट्याजवळ उभ्या असलेल्या काकूंनी हसू लपवायला नळ सोडला. जो ब्रेक लागतच नाही, तो दाबावा लागणार कसा? पोरगी प्रवासाला निघण्याआधीच पास झाली होती.

प्रवास सुरू झाला आणि गल्लीच्या तोंडाशीच मास्तरांनी ब्रेक दाबला. समोरून सायकल येत होती. गाडी थांबली.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले.

"काय बघितलं? मी थांबवली बाबा!"

"तू थांबवली असतीस तर मला दाबायची वेळ आली असती का?"

काकू मागच्या सीटवर, स्टोव्ह, चटया आणि उश्यांच्या ढिगाऱ्यात गळ्यापर्यंत रुतून बसल्या होत्या. त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता कळेल. आता कपाळाला आठी पडेल. पण छे! स्कूल बंद झाल्यापासून पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. काकूंनी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. पुढच्या थांब्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. संसार चालतो तो अशाच पुढच्या थांब्यांवर.

"जाऊ दे," मास्तर ऐटीत म्हणाले, "पहिल्या गावापर्यंत माफ."

दुतर्फा शेतं लागली. कापणी झालेली, कापणीची वाट बघणारी, मध्येच एखादं घर, घरापुढे दोरीवर वाळणाऱ्या चादरी. चिमणीला त्यातलं काही दिसत असेल तर शप्पथ. ट्रॅक्टर आला की मास्तरांचा पाय खाली. कुत्रं शेपूट हलवून उठलं की पाय खाली. बुजगावण्यालाही त्यांनी एकदा मान दिला. आणि प्रत्येक वेळी, एखादा क्षण आधी किंवा नंतर, चिमणीही ब्रेक दाबायची. गाडी थांबायची. श्रेय शेजारच्या सीटला जायचं.

पहिल्या कॉलेजचं गाव तसंच होतं जशी कॉलेजची गावं असतात. एक घड्याळाचा मनोरा, वेळ चुकलेली. झेरॉक्सची दुकानं, जुन्या गाद्यांची दुकानं, आणि हिरवळीवर पुस्तक उघडून पुस्तक सोडून सगळीकडे बघणारी मुलं. आवार दाखवायला एक विद्यार्थी आला. तो पाहुण्यांकडे तोंड करून उलटा चालत होता आणि चालता चालता ग्रंथालयाची थोरवी सांगत होता. मास्तरांना ते बघवेना.

"अहो, मागं बघा की! रिव्हर्सला आरसा नाही तुम्हाला!"

"मला सवय आहे काका."

"सवय! अपघात झालेल्या प्रत्येकाला सवयच असते."

विद्यार्थी पुढची पायरी चुकला आणि कुंडीवर बसला. मास्तरांनी फक्त बायकोकडे पाहिलं. त्या एका नजरेत पहिल्या कॉलेजवरचं त्यांचं प्रेम मात्र जरा कमी झालं.

पहिला मुक्काम नदीकाठच्या तळावर पडला. तळ म्हणजे काय, तर पैसे देऊन घर नसल्याचा अनुभव घ्यायची सोय. पाण्याच्या नळाशी रांग, न्हाणीघराशी रांग, आणि शेजारच्या तंबूतलं घोरणं कापडापलीकडून इतकं स्पष्ट की माणसाला आपलाच नवरा बदलला की काय अशी शंका यावी. मास्तरांनी मात्र घडीची खुर्ची उलगडून गाडीपुढे मांडली, तिच्या हातावर चहाचा मग ठेवला आणि आल्यागेल्याला सांगायला लागले, "मुलगी चालवते. मी आहे म्हणून चालवते."

दुसरं गावही पाहून झालं. दुसरा टप्पाही माफ झाला. माफ करण्याची गोडी एकदा लागली की माणूस चुका शोधायला लागतो. "आता शेवटचा टप्पा मात्र धरायचा हं," मास्तर म्हणाले. "इथून डोंगरापर्यंत. मग मला बोलू नका."

पण काकूंच्या लक्षात वेगळंच काहीतरी यायला लागलं होतं. पहिल्या दिवशी चिमणी भांडायची, "मी थांबवली!" दुसऱ्या दिवशी ती फक्त मान हलवायची. आणि आता ती वाद घालतच नव्हती. समोर काही आलं की तिची नजर रस्त्यावरून आधी बापाच्या गुडघ्याकडे जायची. गुडघा हलला का? मग तिचा पाय. पोरगी गाडी चालवणं विसरत चालली होती. आता सांगायलाच हवं. पण कुणाला? लेकीला सांगावं तर ती भर रस्त्यात बापाचा उद्धार करणार. नवऱ्याला सांगावं तर... काकूंना त्यांचं तुकतुकीत कानशील दिसत होतं. तळावर पोचलो की सांगू, त्या म्हणाल्या. पुन्हा तोच पुढचा थांबा.

डोंगर चढून पलीकडचा उतार लागला. वळणाच्या आधी पाटी होती: तीव्र उतार, वेग कमी करा. काकूंनी ती सवयीनं मनात वाचली. वळण संपलं आणि समोर गवताच्या भाऱ्यांनी लादलेली ट्रॉली, रस्त्याइतकी रुंद, गोगलगायीच्या चालीनं. मास्तरांचा गुडघा खाली गेला. चिमणीनं तो पाहिला. आणि तिनं आपला पाय उचलून बाजूला घेतला.

बाबा आहेत ना.

गाडी काही थांबेना. भारे काचेत मोठे मोठे व्हायला लागले.

"चिमे, ब्रेक! तुझा ब्रेक! तुझा!"

मागच्या सीटवरून आलेला तो आवाज म्हणजे वर्षानुवर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज होता. चिमणीचा पाय तिच्याआधी दचकला. टायर किंचाळले, स्टोव्ह काकूंच्या मांडीवर आला, आणि गाडी थांबली तेव्हा गवताच्या चार काड्या बॉनेटवर पडल्या होत्या. ट्रॉलीवाल्याला पत्ताच नव्हता. तो आपला गाणं म्हणत पुढे निघून गेला.

मग मास्तरांनी श्वास सोडला.

"वाचवलं की नाही?"

चिमणीनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "हो बाबा. वाचवलं तुम्ही." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तिचं नाव पहिल्यांदाच तिला शोभलं. "मला नाही जमत. पहिल्याच कॉलेजात जाते मी. हिशेब तर हिशेब."

मास्तर विजयी झाले होते. मग ते इतके गप्प का झाले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पलीकडच्या उतारावरच शेवटचा तळ होता. तिथून तिसऱ्या गावाचे दिवे दिसत होते. चिमणीनं तिकडे पाठ करून तंबू ठोकला. वाटेत वेचलेले दगड ती रोज रात्री उशाशी मांडायची. आज त्यातला सगळ्यात मोठा तिनं गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली लावला आणि बाकीचे झुडपात भिरकावले. एक एक करून. काकू ते बघत होत्या.

सकाळ झाली. चिमणी टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या रांगेत गेली. गारठा होता म्हणून मास्तर गाडीत आपल्या जागी बसून चष्मा पुसत होते. उतारावर समोर त्यांची खुर्ची, खुर्चीवर चहाचा मग, त्यापलीकडे रिकामा तंबू. काकूंनी चाकाखालचा दगड काढला. मग दार उघडून त्या ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसल्या.

"अगं, हे काय?"

"बसले."

"दिसतंय ते. कशाला?"

"तुम्ही आहात ना शेजारी. मग काय भीती?" काकूंनी पाट्यांच्या तक्त्याशेजारी शेकडो वेळा शिकवलं होतं तसं गिअर मोकळा केला आणि हँडब्रेक खाली केला. गाडीनं जराशी मान डोलावली आणि उताराला लागली. इंजिन बंद, आवाज नाही. हळूहळू, एखादी पाहुणी उठायला लागावी तशी.

"अगं ए! वेड लागलंय का? ओढ तो हँडब्रेक!"

"तुम्ही दाबा की."

मास्तरांनी दाबला. पेडल खाली गेलं. गाडी पुढे गेली.

"दाबलाय मी!"

"मग अजून दाबा."

मास्तरांनी दुसरा पायही आणला. सीटवरून अर्धे उठले. स्प्रिंग बिचारी कुरकुरली, पण गॅरेजवाल्यानं काम चोख केलं होतं. खुर्ची जवळ आली. मगातून वाफ निघताना दिसायला लागली.

"थांबत नाहीये! अगं, थांबत नाहीये!"

"हो," काकू म्हणाल्या. "काल पण नव्हती थांबली."

आणि त्यांनी आपला ब्रेक दाबला. गाडीचा बंपर खुर्चीला टेकला. खुर्चीवरचा मग डुचमळला, थोडा चहा सांडला, आणि सरळ झाला. काकूंनी हँडब्रेक ओढला. अंदाज नसलेल्या बाईच्या मानानं बरं जमलं होतं.

मास्तर पेडलकडे बघत राहिले. वाकून हातानं दाबून बघितलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"कधीपासून?"

"घरून निघालो तेव्हापासून."

"म्हणजे ती सायकल..."

"चिमीनं."

"ट्रॅक्टर..."

"चिमीनं. बुजगावणं तेवढं तुमचं, ते आधीपासूनच थांबलेलं होतं."

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या मनात गाडी परत त्या वळणावर गेली होती. "काल तिनं पाय उचलला होता," ते हळूच म्हणाले. "मी बघितलं. मला वाटलं, पोरगी शेवटी माझ्यावर विसंबली. बरं वाटलं गं मला." त्यांनी चष्मा काढला. पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "तू ओरडली नसतीस तर..."

"मी आधी सांगायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "रोज म्हटलं, पुढच्या थांब्यावर. माझंही चुकलंच. पण आता तिला कोण सांगणार, ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं तर बायको जिंकली एवढंच होईल. आणि पोरगी हिशेब शिकत बसेल."

एवढ्यात चिमणी ओले केस झटकत आली. आई ड्रायव्हरच्या जागी, बंपर खुर्चीला, बाप हातात चष्मा घेऊन. तिला काही टोटल लागेना.

"काय झालं?"

मास्तर गाडीतून उतरले. घसा साफ केला. त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, परीक्षेच्या दिवशीचं तेज हळूहळू परत येताना काकूंना दिसलं आणि त्या सावध झाल्या.

"चिमे, एक सांगायचंय. हा माझा ब्रेक. याला जोडच नाहीये. मीच काढायला लावला होता. निघायच्या आधी." ते थांबले. "तुझी परीक्षा घ्यायची म्हणून."

काकूंनी आवंढा गिळला. गेल्या कित्येक वर्षांत गिळलेल्यांपैकी हा सगळ्यात मोठा होता, पण गिळला.

"म्हणजे?" चिमणी म्हणाली. "ते सगळं...?"

"तूच थांबवलीस. प्रत्येक वेळी. माझ्या पायानं एकदाही काही थांबलं नाही." हे वाक्य मात्र परीक्षकाचं नव्हतं. "कालसुद्धा."

चिमणीचा चेहरा आधी उजळला, मग लालबुंद झाला. "काल मी पाय काढून घेतला होता बाबा! तुमच्या भरवशावर! आपण तिघं मेलो असतो! ही कुठली परीक्षा?"

"चुकीची," मास्तर म्हणाले. "फार चुकीची. परत कुणाच्या गुडघ्याकडे बघून गाडी चालवू नकोस. माझ्यासुद्धा."

चिमणीनं आईकडे पाहिलं. आई तंबूच्या खुंट्या उपटण्यात इतकी गुंतली होती की तिला कानच नसावेत. मुलगी बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिली. मग झुडपात शिरली आणि भिरकावलेले दगड शोधायला लागली.

सामान भरून झालं. मास्तर सवयीनं पुढच्या दाराशी गेले, तिथं थबकले, आणि मागचं दार उघडून उश्या आणि चटयांच्या ढिगाऱ्यात स्वतःला कोंबलं. स्टोव्ह मांडीवर घेतला. "इथं पाय ठेवायला जागा नाही गं," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि पुढे बसल्या. शेजारच्या सीटवरून दिसणारी पुढची काच आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आली होती. पाट्या आता थेट समोरून येणार होत्या, पुढे बसलेल्यांच्या मानेपलीकडून नाही. पायाशी ते पेडल होतं. त्यांनी त्यावर चप्पल टेकवली. मऊ होतं. पाय टेकायला एकदम सोयीचं.

चिमणीनं गाडी सुरू केली. तिसऱ्या गावाचा मनोरा दिसायला लागला. याचंही घड्याळ चुकलेलंच होतं. चौकात एक मुलगी पाहुण्यांना आवार दाखवत उलटी चालत रस्त्यापर्यंत आली होती.

"अगं, दाब!" मागून मास्तर ओरडले. "दाब, दाब, दाब!"

"दाबलाय हो," काकू म्हणाल्या आणि पेडल पार खालपर्यंत नेलं.

गाडी वेळेवर, अलगद थांबली. चिमणीनं आईच्या चपलेकडे पाहिलं, मग आरशात बापाकडे.

"बघितलंस?" मास्तर समाधानानं मागे टेकले. "आईला तुझ्या अंदाज आहे."

चिमणीनं गिअर टाकला. "हो ना बाबा. आणि ब्रेकही केवढा छान लागतो तिचा."

मागच्या सीटवर मास्तर चष्मा पुसायला लागले.